पापनिवेदनात न येणारे पाप

पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूने जे ऐकले ते त्याने कुणालाही सांगावयाचे नसते. जे ऐकलेच नाही ते सांगण्यास मात्र प्रत्यवाय नसावा. पाणी, माती अथवा हवा यांच्या बाबतीत आपल्या हातून अपराध घडला, अशी कबुली माझ्या कानी आजवर आलेली नाही. आपली माणसे निर्ढावलेली आहेत म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. अडचण निराळीच आहे.

मध्य आशियातील अरल समुद्राचे उदाहरण घ्या. १९६० साली विस्ताराने जगातील चौथ्या क्रमांकाचे असलेले हे सरोवर अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांवर जगत होते. तत्कालीन सोव्हिएत राजवटीने कापसाच्या लागवडीसाठी या नद्यांचे पाणी कालव्यांनी वाळवंटात वळविले. कित्येक कालव्यांना अस्तरही नव्हते. पुष्कळसे पाणी वाटेतच जिरून गेले. कापूस पिकला, समुद्र आटत गेला. २००७ च्या सुमारास मूळच्या विस्ताराचा जेमतेम दहावा हिस्सा उरला होता. उघड्या पडलेल्या तळावरचे मीठ आणि शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके वाऱ्याबरोबर उडून लोकांच्या छातीत जाऊ लागली. मोयनाक हे एके काळचे बंदर. तेथे मासेमारीच्या होड्या आज वाळूत गंजत उभ्या आहेत.

आता हे पाप कुणाच्या नावावर मांडायचे? गंभीर पापास विषय गंभीर हवा, पूर्ण जाण हवी आणि मनाची पूर्ण संमती हवी, असे सेमिनरीत आम्हाला शिकविले गेले. कापूस वेचणाऱ्या शेतमजुराला ना जाण होती, ना नकाराची मुभा. कालवा खणणाऱ्याने हुकूम पाळला. त्या कापसाचा सदरा घालणाऱ्याला तर समुद्राचे नावही ठाऊक नसेल. समुद्र आटणार हे काही तज्ज्ञांनी आधीच ओळखले होते. पण तो तोटा त्यांनी हिशेबात धरून टाकला होता! प्रत्येकाने आपापले काम केले आणि एक समुद्र नाहीसा झाला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात 'पापाच्या संरचना' असा शब्दप्रयोग केला. पण या संरचना आभाळातून पडत नाहीत, त्यांच्या मुळाशी माणसांची व्यक्तिगत पापेच असतात, हेही त्यांनी त्याच पत्रात बजावले. ही दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. 'व्यवस्थाच तशी आहे' असे म्हटले की बोलणाऱ्याचे हात धुतले जातात. पिलातानेही पाणीच वापरले होते.

प्रभू येशूच्या दाखल्यातील श्रीमंत माणसाने लाजरसला मारले नाही, लुबाडले नाही, दारातून हाकलूनही दिले नाही. तो फक्त रोज जेवत राहिला. त्याचा अपराध कोणत्या आज्ञेखाली घालावा, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

आणि अरल फार दूर आहे असेही समजू नये. वसईच्या किनारपट्टीत विहिरींना पंप बसले, टँकर भरभरून पाणी विकले गेले, आणि पुढे कित्येक विहिरींत गोड्या पाण्याच्या जागी खारे पाणी शिरले. विकणारा म्हणाला, विहीर माझी आहे. ते खरेच होते. घेणाऱ्यालाही तहान होतीच. शेजारच्या वाडीतील पानवेल सुकली, तिचा हिशेब मात्र कुणाच्याच वहीत नव्हता.

चोरीच्या पापाला नुसता पश्चात्ताप पुरत नाही, घेतलेले परत करावे लागते, असे ख्रिस्तसभा शिकवते. जक्कयाने चौपट देऊ केले. समुद्र कसा परत करणार? तरी कझाकस्तानने २००५ साली एक बांध घालून अरलचा उत्तरेकडील लहानसा भाग वाचविला. पाणी चढले, खारेपणा उतरला, मासे परतले आणि त्यांच्यामागोमाग कोळीही आले.

मोयनाक दक्षिणेला आहे. तेथवर ते पाणी पोहोचत नाही.