मातृपितृभक्ती आणि मनातील व्रण

आईबापांनी केलेला अन्याय बोलून दाखविणे हा पितृद्रोह होय काय? गौलीगुड्यात, राममंदिराच्या सान्निध्यात नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांत याचे उत्तर ठरलेलेच असते. पित्याच्या वचनाखातर राज्य सोडणारा राम ज्यांचे दैवत, त्यांनी आईबापांचे दोष मानसोपचारतज्ज्ञासारख्या परक्यापुढे सांगावेत, हे आम्हांस रुचत नाही.

परंतु साताऱ्याचे उदाहरण पाहावे. मुलाची वाट पाहत असता मुलगीच झाली, तर तिचे नाव ‘नकुसा’ ठेवावे, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी तिकडे समजूत होती. २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आईबापांनी त्यांना मारले असेलच असे नाही. पण कितीही मायेने हाक मारली तरी तिचा अर्थ ‘तू नको होतीस’ एवढाच. कागदावरील नाव एका दिवसात बदलते. मनात मुरलेली हाक तशी बदलत नाही.

ही हाक केवळ नावातच असते असे नव्हे. ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हा नित्याचा टोमणा, भावंडांशी तुलना, दिवसेंदिवस धरलेला अबोला, यांचे वळ अंगावर उठत नाहीत. भारत सरकारच्या २००७ च्या पाहणीत दर दोन मुलांपैकी एकाने असा भावनिक छळ सांगितला. त्यांतील ८३ टक्के प्रकरणांत छळणारे आईबापच होते. पुढे तेच मूल प्रौढपणी लहानशा चुकीबद्दल स्वतःला त्याच शब्दांत झिडकारते. हा आवाज आपला की ऐकलेला, याची निवड करावयास मानसोपचार शिकवितो. तेथे आईबापांवर खटला चालत नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आईबापांना देव मानावयास सांगणारा आचार्य लगेच पुढे शिष्यास बजावतो की, आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच घे, इतर घेऊ नकोस. पूज्य व्यक्तीचे सर्वच वर्तन पूज्य नसते, हे आमच्या पूर्वजांस ठाऊक होते. तेव्हा दोष ओळखणे भक्तीच्या विरुद्ध नाही.

क्षमा करावी की न करावी, हे ज्याने सोसले त्याने ठरवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी ती मागून घेऊ नये. त्यांनी इतकेच करावे: कोणी उपचारास निघाले, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्याची वाट अडवू नये.