अनुभव कोणाचा मोजायचा?

भाषांतर, आराखडे, हिशेबतपासणी, सल्ला, यांतले बरेचसे काम आता यंत्र काही मिनिटांत उरकते. त्यामुळे मोबदला द्यायचा तो लागलेल्या वेळाचा. अनुभवाच्या नावाखाली जादा पैसे मागणे ही जुन्याजाणत्यांची मक्तेदारी आहे, असे मत सध्या फार ठासून मांडले जाते. माझ्या एका अर्थतज्ज्ञ मित्राने परिसंवादात तेच मांडले आणि सभागृह जिंकले. मला ते मत नुसते चुकीचे नाही, घातक वाटते.

शिकण्यात घातलेली वर्षे पुढच्या कमाईतून भरून निघाली पाहिजेत, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच सांगून ठेवले आहे. मित्राने स्मिथ माझ्यापेक्षा जास्त वाचला आहे, म्हणून त्यात शिरत नाही. मला आठवतो तो १८७८ च्या नोव्हेंबरातला लंडनमधला खटला. व्हिसलर या चित्रकाराने रात्रीच्या आकाशात विझत जाणाऱ्या आतषबाजीचे चित्र रंगवले आणि किंमत लावली दोनशे गिनी. जॉन रस्किन हा त्या काळचा सर्वांत वजनदार कलासमीक्षक. त्याने छापील टीकेत चित्रकाराला जवळजवळ लुच्चा ठरवले. व्हिसलरने बदनामीचा दावा लावला. उलटतपासणीत रस्किनच्या वकिलाने विचारले, चित्राला किती वेळ लागला? साधारण दोन दिवस, असे उत्तर आले. मग दोन दिवसांच्या श्रमाचे दोनशे गिनी मागता काय? व्हिसलरने सांगितले की ही किंमत दोन दिवसांची नाही, साऱ्या आयुष्यात मिळवलेल्या ज्ञानाची आहे.

दावा तो जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि खटल्याचा खर्चही मिळाला नाही. पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले. त्याचे म्हणणे खरे होते आणि ते खरे असूनही ज्यूरीने त्याचे मोल पाव पेनी केले, हे मला आजही अस्वस्थ करते. माझ्या मित्राचा प्रश्न त्या वकिलाचाच आहे.

जुन्या इमारतीच्या तुळईला भेग पडते. अनुभवी अभियंता येतो, भेग सळईच्या रेषेत धावते आहे का ते पाहतो, ठोकून आवाज ऐकतो. गिलावा सुटला आहे, की आतली सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीट बाहेर ढकलते आहे, हे तो दहा मिनिटांत सांगतो. त्या दहा मिनिटांवर वरच्या मजल्यावरचे कुटुंब आज रात्री घरात झोपणार की नाही हे ठरते. निर्णय चुकला तर उत्तर त्याला द्यावे लागते, यंत्राला नाही. ती फी या जबाबदारीची आहे, आणि तासांच्या हिशेबात ती कुठेच बसत नाही.

इथवर माझी बाजू मला भक्कम वाटत होती. पण रस्किनला मी सोडू शकत नाही. व्हिसलरच्या बाबतीत अन्याय करणाऱ्या याच माणसाने १८६० मध्ये ‘अन्टू धिस लास्ट’चे निबंध लिहिले. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले आणि पुढे गुजरातीत ‘सर्वोदय’ नावाने त्याचा सारांश दिला. पुस्तकाचे नावच बायबलमधल्या त्या कथेतून आले आहे, जिथे सकाळपासून राबणाऱ्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला मळ्याचा मालक सारखीच मजुरी देतो. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हा बोध गांधीजींनी त्यातून घेतला. हे मान्य केले तर व्हिसलरचे दोनशे गिनी कुठे राहतात?

पुष्कळ विचारानंतर मला वाटते, प्रश्न मीच अर्धा मांडला होता. अनुभवाचे दाम मागावे, हे खरेच. पण ते मागण्याची मुभा आपण कोणाला देत आलो? न्यायालयात उभे राहून आपली वर्षे मोजून दाखवण्याची ताकद व्हिसलरकडे होती. गावच्या सुईणीकडे ती नव्हती. आडवे आलेले मूल हाताला कळते, ही जाण तिने असंख्य बाळंतपणांतून मिळवलेली; तिच्या पदरात पडायचे ते लुगडे, खण आणि धान्य. तिच्या वर्षांना कोणी व्यावसायिक अनुभव म्हटले नाही, कारण ती बाई होती आणि बहुतेकदा खालच्या मानलेल्या जातीतली होती. अनुभवाची किंमत ठरवताना आपण आधी माणसाची पायरी बघतो. रस्किन आणि गांधी यांचा आक्षेप या पायरीवर आहे, आणि तो मी स्वीकारतो. अनुभवावरचा माझा हक्क मात्र मी सोडत नाही; तो सर्वांना मिळावा एवढेच म्हणतो.

याचे आजचे उदाहरण दूर नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून गावोगाव आशा सेविका आल्या. त्यांच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक मिळतो. पंधरा वर्षे गाव सांभाळणारी आशा आणि गेल्या वर्षी लागलेली आशा, एकाच कामाचे दोघींना सारखेच पैसे. कोणत्या घरात लसीला विरोध होईल, कोणती गरोदर बाई दुखणे लपवते, हे जुनीला ठाऊक असते आणि त्यावर जीव वाचतात. सातव्या वेतन आयोगानुसार सरकार आपल्या नोकरांना दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ देते. तेच सूत्र आशांच्या मोबदल्याला लावावे, ही मागणी त्या करतील तेव्हा वेळ किती लागला असे त्यांना विचारू नका. त्यांच्या बाजूने उभे राहा.