मदावाचून मद्य

मद्यपानाचा निषेध करणाऱ्या बहुतेक शास्त्रकारांनी मद्य आणि मद ही जोडी अभेद्य मानली होती, आणि अनुभवही त्यांच्याच बाजूने साक्ष देत होता. त्यामुळे निषेध नेमका कशाचा आहे, पदार्थाचा, त्याच्या परिणामाचा, की त्या पदार्थाविषयी मनाला वाटणाऱ्या ओढीचा, हे वेगळे काढून पाहण्याची निकड क्वचितच कोणाला भासली. इंग्लंडात अलीकडे मोठ्या कौशल्याने तयार होऊ लागलेल्या सौम्य ‘पेल एल’ बिअरनी ती निकड उत्पन्न केली आहे. ज्यात मद्याचा वर्ण आहे, गंध आहे, रस आहे, परंतु मद अगदीच बेताचा किंवा जवळजवळ नाहीच, असे पेय धर्मदृष्ट्या कोणत्या रकान्यात मांडावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण संयम म्हणजे काय, हा फार जुना वाद त्याच्या पोटात आहे.

पेल एलचे कूळ मुळात सौम्य नव्हे. कोकच्या आचेवर वाळवलेल्या फिकट माल्टची ही बिअर एकोणिसाव्या शतकात लंडन आणि बर्टन येथून गलबतांत भरून मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत साहेबलोकांसाठी उतरत असे, आणि ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्या व्यापारातूनच रूढ झाले. आज त्याच कुळातली, परंतु जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली ‘टेबल बिअर’ लंडनच्या बर्मंडसी भागात 2009 साली स्थापन झालेली ‘द कर्नेल’ ही ब्रुअरी बनवते. आणि ‘बिग ड्रॉप’सारखे उत्पादक त्याहून खाली उतरून 0.5 टक्क्यावर थांबतात. हे काम दिसते तितके सोपे नाही. मद्यार्क नशा देतो हे खरे, परंतु तोच पेयाला अंग देतो, किंचित गोडी देतो आणि सुगंधाला वाहून नेतो. तो कमी केला की कडवट पाणी तेवढे हाती उरण्याची भीती असते. म्हणून कारागीर भरडलेले माल्ट भिजवताना पाण्याची उष्णता नेहमीच्या 65 अंशांच्या आसपास न ठेवता 70 अंशांकडे नेतो, जेणेकरून पिष्टाच्या मोठ्या भागाचे रूपांतर यीस्टला न पचणाऱ्या शर्करांत व्हावे आणि त्या शर्करांनी पेयात राहून त्याला भरीवपणा द्यावा. आणि हॉप्सचा बराचसा हिस्सा उकळी थांबल्यावर किंवा आंबवण झाल्यानंतर घालतो, म्हणजे त्यांतील तेलांचा सुगंध उतरतो, पण कडवटपणा हाताबाहेर जात नाही. सरकारी महसूलखात्यानेही या उद्योगाला हातभार लावला; ब्रिटनमध्ये 2011 साली 2.8 टक्क्यांपर्यंतच्या बिअरला अबकारीत सवलत मिळाली आणि 2023 च्या ऑगस्टपासून 3.5 टक्क्यांखालील पेयांना हलका दर लागू झाला.

अशी टेबल बिअर प्याल्यात ओतली म्हणजे प्रथम दिसतो तो गवताळ पिवळा, किंचित गढूळ रंग आणि त्यावर पांढरा, टिकाऊ फेस. प्याला नाकाशी नेताच संत्र्याच्या सालीचा, पिकत आलेल्या पेरूचा आणि पाठीमागून हलक्या राळेचा गंध येतो, आणि त्या गंधाने जिभेला जे आश्वासन दिलेले असते ते पहिला घोट जवळजवळ पाळतो. मात्र घोट उतरल्यावर छातीत जी ऊब पसरायची ती पसरत नाही. कडवटपणा तेवढा टाळ्याशी रेंगाळतो आणि दुसऱ्या घोटाची वाट मोकळी करून देतो. या पेयाचा बहुतेक सारा वैभव-विस्तार नाकाच्या सीमेत आहे. पोटात आणि मस्तकात त्याचा अंमल फारसा चालत नाही.

आता या अनुभवाला धर्मशास्त्रासमोर उभे केले तर पहिलीच अडचण नाकाची येते. सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगून सुरापानाला महापातकांत बसवणाऱ्या मनुस्मृतीने मद्याचा नुसता वास घेणे हेही जातिभ्रंशकर पापांत गणले आहे. याच्या उलट भागवताच्या एकादश स्कंधात, यज्ञात सुरेचे जे विधान आहे ते तिचा वास घेण्यापुरतेच समजावे, पिण्याला ती मुभा नव्हे, असा निर्वाळा दिलेला आढळतो. म्हणजे एका ग्रंथाला गंध हीच पापाची देवडी वाटते, तर दुसऱ्याला तोच गंध वासनेला शास्त्राच्या मर्यादेत आणण्याचा उपाय वाटतो. दोन्ही मतांमागे मनुष्यस्वभावाचे सूक्ष्म निरीक्षण आहे. कोणाची ओढ गंधाने शमते, कोणाची चाळवते. आणि या दोहोंपैकी आपण कोण, हे शास्त्र आपल्यासाठी ठरवून देऊ शकत नाही.

या बाबतीत सर्वांत नेमका विचार बौद्ध विनयपिटकात झाला आहे. सागत नावाच्या थेराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, एका दुष्ट नागाला जिंकले, तेव्हा कौशांबीच्या भाविक उपासकांनी कृतज्ञतेपोटी घरोघर त्याच्यासाठी मद्य सिद्ध ठेवले. ते पिऊन तो नगराच्या वेशीशी कोसळला, आणि ज्याने नागाला नमवले त्याला बुद्धासमोर आपले पाय कोणत्या दिशेला आहेत याचेही भान राहिले नाही. या प्रसंगावरून भिक्षूंना नियम घालून देण्यात आला, आणि तो इतका कडक, की गवताच्या पात्याच्या टोकाएवढे मद्य घेतले तरी दोष लागतो. परंतु त्याच नियमाखाली दोष कोठे लागत नाही याचाही तपशील दिलेला आहे, आणि त्यात मद्याचा वर्ण, गंध व रस असलेले, पण मद्य नसलेले पेय स्पष्टपणे निर्दोष ठरवले आहे. यात एक सुंदर शिस्त आहे. जेथे मद आहे तेथे मात्रेची सबब ऐकून घ्यायची नाही, आणि जेथे तो नाही तेथे केवळ चवीच्या संशयावरून कोणाला दोषी धरायचे नाही.

पाश्चात्त्य परंपरेत हा वाद मात्रेभोवती फिरला. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील मठ-नियमांच्या चाळिसाव्या प्रकरणात, साधूंनी द्राक्षमद्य घेऊच नये हे उत्तम, पण आजच्या साधूंना ते पटवणे अशक्य असल्यामुळे निदान तृप्तीपर्यंत पिऊ नये, अशी व्यवहारी तडजोड आहे आणि रोजचे मापही नेमून दिले आहे. त्याच नियमावर चालणाऱ्या बेल्जियममधील ओर्वाल मठाची बाजारात विकली जाणारी बिअर 6.2 टक्क्यांची असते, आणि साधूंच्या स्वतःच्या पंगतीसाठीची 3.5 टक्क्यांची. या तडजोडीला प्रखर उत्तर इंग्लंडातील प्रेस्टन येथे 1832 साली मिळाले. त्या काळच्या मिताचारी मंडळ्या जिन-व्हिस्कीसारखी जहाल दारू सोडण्याची शपथ घेत आणि बिअरला अभय देत. चीजच्या व्यापारावर उपजीविका करणाऱ्या जोसेफ लिव्हझीने व त्याच्या सोबत्यांनी बिअरसकट सर्व मद्य वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा केली. गावातले मजूर ज्या पेयाने कंगाल होत होते ते बिअरच होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. मितपानाचा उपदेश ज्याला मिती राखता येते त्यालाच उपयोगी पडतो आणि ज्याला तिची खरी गरज आहे त्याच्या काही कामी येत नाही, हा त्याच्या भूमिकेतला गाभा आजही अबाधित आहे.

मग सौम्य पेल एल या दोहोंपैकी कोणत्या पक्षाची? माझ्या मते ती कोणत्याच पक्षाची नाही. मिताचार हा निर्णय आहे. भरलेली सुरई समोर असताना हात आखडता घेण्यात तो प्रकट होतो. वर्जन हे व्रत आहे; सुरई समोर आली तरी ती आपल्यासाठी नाही, असा निश्चय पूर्वीच करून ठेवण्यात ते प्रकट होते. सौम्य बिअरमध्ये आखडता हात पिणाऱ्याचा नसून बनवणाऱ्याचा असतो. भिजवणीची उष्णता ज्याने वाढवली, संयम त्याने केला. पिणाऱ्याला तो शिजवलेल्या अन्नासारखा आयता वाढला गेला. आयता मिळालेला संयम निरुपयोगी असतो असे मुळीच नाही. त्याने दुसऱ्या दिवशीचे डोके ताळ्यावर राहते आणि घरी सुखरूप पोहोचता येते. पण उपयुक्तता आणि पुण्य यांची खाती वेगळी आहेत, आणि एकातली रक्कम दुसऱ्यात परस्पर वर्ग करता येत नाही.

कायद्याला हा विवेक परवडत नाही. त्याला मोजता येईल अशी रेषा लागते. मुंबई इलाख्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याने मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधनेही बंदीच्या कक्षेत ओढली, तेव्हा 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला तेवढा भाग रद्द करावा लागला. पदार्थावर बोट ठेवणारा निषेध शेवटच्या थेंबापर्यंत नेला, तर पिकलेले फळ आणि आंबलेली कांजीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. धर्माला मात्र रेषेपाशी थांबण्याची सक्ती नाही. माणूस त्या पेयात काय शोधतो आहे, असे तो विचारू शकतो.

तेव्हा ज्यांनी मद्यत्यागाचे व्रत घेतले आहे त्यांनी सौम्य बिअरमध्ये पळवाट शोधू नये, कारण 0.5 टक्क्यात पळवाट नसली तरी शोधण्यात ती आहेच. व्यसनातून मोठ्या कष्टाने बाहेर आलेल्यांनी तर तिच्या गंधापासूनही दूर राहावे. आणि ज्यांनी असे व्रत घेतलेले नाही त्यांनी ती खुशाल चाखावी, कारागिराला दाद द्यावी, पण तिच्या कमी मद्यार्काची नोंद आपल्या सद्गुणांच्या खाती करू नये.