शस्त्र वाढते, माणूस वाढतो का?



"माझी गन सहाव्या लेव्हलला गेली!" हे वाक्य आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी ऐकू येते. बोलणारा मुलगा बारा-पंधरा वर्षांचा असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी कमावल्याचे खरेखुरे समाधान असते. आईवडिलांना मात्र एकाच शब्दात उत्तर हवे असते : हे हलाल की हराम? प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या एका भागाचे उत्तर पुढे स्पष्टपणे येईलच. परंतु केवळ एक शब्द ऐकून मुलगा मोबाइल उशीखाली लपवायला शिकतो, विचार करायला शिकत नाही. म्हणून आधी त्या आनंदाकडेच नीट पाहू या. मुलाची बंदूक वाढली, हे मान्य. तिच्याबरोबर आणखी काय वाढले?

ज्यांनी असे खेळ कधी खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या खेळात खेळाडू आपले गाव वसवतो. तोफा, तट आणि सैनिक एकेक पायरी वर नेत जातो. सुरुवातीची वाढ काही क्षणांत होते, पुढे एकेका वाढीला कित्येक दिवस लागतात. पण 'जेम' खर्च केले तर वाट पाहावी लागत नाही आणि हे जेम पैसे देऊन विकत मिळतात. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या खेळात 'एम४१६' नावाच्या बंदुकीचे बर्फासारखे दिसणारे 'ग्लेशियर' हे रूप पोरांच्या फार आवडीचे आहे. तेही पायरीपायरीने वाढवता येते. वाढवल्याने गोळीचा मारा वाढत नाही. बंदुकीचे दिसणे बदलते, शत्रू पडल्यावर झळकणारा संदेश बदलतो. थोडक्यात, कुठे ताकद वाढते, कुठे केवळ थाट वाढतो. परंतु दोन्हीकडे 'मी पुढे गेलो' ही भावना सारखीच असते.

ही भावना मुळात वाईट आहे काय? नाही. पुढे जाण्याची, वर चढण्याची ओढ अल्लाहनेच मनुष्याच्या प्रकृतीत ठेवली आहे. ती नसती तर कोणी हाफिज झाला नसता, कोणी कारागीर झाला नसता. साधनसामग्री जमवणे हेही इस्लामला अमान्य नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अल-अन्फालमध्ये सामर्थ्य आणि घोडे सज्ज ठेवण्याचा आदेश आहे. उहुदच्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकावर एक अशी दोन चिलखते परिधान केली होती, असे हदीसमध्ये नमूद आहे. अल्लाहवर त्यांच्याइतका भरवसा कोणाचा असणार? तरीही त्यांनी साधनाची उपेक्षा केली नाही. अस्लम कबिल्यातील माणसे तिरंदाजी करताना दिसली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना उत्तेजन दिले. मदीनेत त्यांनी घोड्यांच्या शर्यतीही लावल्या. त्यांत तयार केलेल्या घोड्यांसाठी अंतर लांब होते आणि बिनतयारीच्या घोड्यांसाठी आखूड. म्हणजे खेळ, चढाओढ, शस्त्र आणि तयारी या साऱ्यांना आपल्या दीनमध्ये जागा आहे. जो मुलाला सांगतो की तुझी ही ओढच सैतानी आहे, तो मुलावरही अन्याय करतो आणि दीनवरही.

मग फरक कोठे पडतो? तो समजण्यासाठी दोन चिलखतांची हकिकत आठवावी. हजरत अली (रजि.) यांचा हजरत फातिमा (रजि.) यांच्याशी निकाह ठरला तेव्हा मेहेर म्हणून द्यायला त्यांच्यापाशी काही नव्हते. प्रेषितांनी (स.) विचारले की, तुझे ते हुतमी चिलखत कोठे आहे? तेच चिलखत मेहेर ठरले. रणात छाती झाकणारी वस्तू एका संसाराचा पाया झाली. दुसरे चिलखत स्वतः प्रेषितांचे (स.). त्यांचे निधन झाले तेव्हा ते मदीनेतील एका यहुदी गृहस्थाकडे गहाण होते. घरच्यांसाठी घेतलेल्या तीस साअ जवांच्या बदल्यात. अरबस्तानचा बहुतांश भाग ज्यांच्या आज्ञेत होता, त्यांच्या घरी चिलखतापेक्षा चूल मोठी होती. चिलखताची योग्यता त्याच्या चकाकीवर कधी अवलंबून नव्हती. ते कोणाच्या आणि कशाच्या कामी आले, यावर होती.

आता ही कसोटी खेळातल्या वाढीला लावून पाहा.

पहिली गोष्ट अशी की, तेथे खेळाडू वाढतो तसा शत्रूही वाढवला जातो. २००६ साली आलेल्या 'ऑब्लिव्हियन' या गाजलेल्या खेळात हे उघड दिसे. आपण वरच्या पायरीवर गेलो की रस्त्यातले साधे वाटमारेसुद्धा अत्यंत मौल्यवान चिलखते घालून समोर येत. कारण सरळ आहे. शत्रू होता तसाच राहिला तर खेळ कंटाळवाणा होईल आणि शत्रू वाढला तर नव्या शस्त्राची गरज पुन्हा निर्माण होईल. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी उभा असतो; तरी त्याच्या चालण्यातून तेल तरी निघते. सूरह अत-तकासुर हिचा विषय नेमका हाच आहे. अधिकाधिक मिळवण्याची चढाओढ माणसाला गुंतवून ठेवते आणि तो थेट कबरीपाशी पोहोचतो. आदमच्या पुत्राला सोन्याने भरलेली दोन खोरी मिळाली तरी तो तिसऱ्याची इच्छा धरील, या आशयाचे प्रेषितवचनही आपणांस ठाऊक आहे. खेळ रचणाऱ्यांनी ही तिसरी खोरी कायम नजरेच्या टप्प्यात आणि हाताच्या बाहेर ठेवण्याची कला साधली आहे.

याला त्यांच्याच व्यवहारातील एक साक्ष आहे. 'डायब्लो ३' हा खेळ २०१२ मध्ये आला. राक्षसांना मारावे आणि त्यांच्याकडून उत्तमोत्तम शस्त्रे मिळवावीत, हा त्याचा गाभा. कंपनीने त्यात खऱ्या पैशांनी शस्त्रे विकत घेण्याचा लिलावबाजार उघडला. परंतु जे पैसे देऊन मिळते ते मिळवण्यासाठी लढायचे कशाला? खेळाचा प्राणच जातो आहे हे कंपनीने स्वतः मान्य केले आणि मार्च २०१४ मध्ये तो बाजार बंद केला. श्रमाशिवाय आलेली वाढ खेळातदेखील फिकी वाटते, ही कबुली बाजाराने स्वतः दिली आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि हलाल-हरामचा प्रश्न येथे थेट उभा राहतो. अनेक खेळांत हवे ते शस्त्र सरळ विकत मिळत नाही. पैसे देऊन बंद पेटी उघडावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर असते. चीनने १ मे २०१७ पासून अशा पेट्यांतील शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले, तेव्हा 'काउंटर-स्ट्राइक' या खेळाचेही आकडे उघड झाले. सर्वांत दुर्मिळ गटातील वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, म्हणजे साधारण ३८५ पेट्यांमागे एक. पेटी उघडण्याची एक किल्ली २.४९ डॉलरची. ३८५ किल्ल्यांचे साडेनऊशे डॉलरहून अधिक होतात. शिवाय एवढ्या पेट्या उघडल्या म्हणजे वस्तू मिळालीच, असेही नाही. गणित असे सांगते की, तितक्या पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जण त्या वस्तूविना राहतील. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगारच ठरवले.

मुलगा म्हणेल, "पण प्रत्येक पेटीतून काहीतरी निघतेच, मग हा जुगार कसा?" हा युक्तिवाद नवा नाही. अज्ञानकाळातील अरब उंट कापून बाणांच्या चिठ्ठ्यांनी त्याचे वाटे लावीत आणि जिंकलेले मांस पुष्कळदा गोरगरिबांना वाटून टाकीत. त्यात लोकांचा काही लाभ आहे हे कुरआनने सूरह अल-बकरामध्ये नाकारले नाही. मात्र त्यातील पाप लाभापेक्षा मोठे आहे, असे बजावले आणि पुढे सूरह अल-माइदामध्ये मैसिर पूर्णपणे निषिद्ध केले. उपाशी माणसाच्या पोटी घास घालणारा डावही जर क्षम्य ठरला नाही, तर पडद्यावरील रंगासाठी लावलेला डाव कसा ठरेल? म्हणून पैसे मोजून नशिबाची पेटी उघडणे यापासून दूर राहावे, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. पेटीतून पैसे निघत नाहीत म्हणून कोणी कायद्यातून सुटू शकेलही. अल्लाहपुढील हिशेबात पेटीवर लावलेला पैसा आणि तो लावणाऱ्या मनाची अवस्था, दोन्ही मोजले जातील. आणि तो पैसा बहुधा मुलाचा नसतो. तो आखातात उन्हात राबणाऱ्या बापाचा किंवा शिवणयंत्रावर वाकलेल्या आईचा असतो. त्यांना न विचारता तो खर्च करणे हा आणखी वेगळा गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट मालकीची. 'माझी गन' या शब्दांतील 'माझी' कितपत खरी आहे? अशा व्यवहारात वस्तू विकली जात नाही. ती वापरण्याची परवानगी तेवढी दिली जाते. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला येथील सेवा थांबली. वर्षानुवर्षे वाढवलेली शस्त्रे एका दिवसात हाताबाहेर गेली. पुढच्या वर्षी नव्या नावाने खेळ आला आणि जुना साठा तेथे नेण्याची सोय झाली, हे खरे. पण घेताना खेळाडूला कोणी विचारले नव्हते. माणसाचे खरोखर आपले काय, याचे उत्तर प्रेषितांनी (स.) दिले आहे. जे खाऊन संपवले, जे नेसून जीर्ण केले आणि जे दान करून पुढे पाठवले, तेवढेच आपले. बाकीचे इतरांसाठी सोडून जायचे.

एवढे म्हटल्यावर न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या खेळांत काही मुले संयम शिकतात, सोबत्याला सांभाळणे शिकतात, हरल्यावर पुन्हा उभे राहणे शिकतात. ही वाढ खरी आहे, कारण ती बंदुकीत होत नाही, मुलात होते. खेळ बंद पडला तरी ती त्याच्यापाशी उरते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, मुलाला रागावण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि त्याच्याबरोबर तीन प्रश्नांचा विचार करा. आज शस्त्र वाढले, त्याबरोबर तुझ्यात काय वाढले? त्यासाठी कोणाचा पैसा आणि कोणती नमाज खर्ची पडली? आणि उद्या हे खाते बंद झाले तर तुझ्या हाती काय उरेल? उत्तर समाधानकारक असेल तर अभ्यास आणि इबादत सांभाळून, मर्यादेत, मनोरंजन म्हणून खेळण्यास जागा आहे. नसेल तर ते मुलालाच उमगेल, आणि स्वतःला उमगलेले माणूस सहसा विसरत नाही.

मात्र हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण कमावलेला हवा. जुना मोबाइल उत्तम चालत असताना जो बाप दरवर्षी नवा घेतो, शेजाऱ्याने दुसरा मजला चढवला म्हणून जो कर्ज काढून आपला चढवतो, लग्नात दुसऱ्यापेक्षा चार पक्वान्ने जास्त हवीत म्हणून जो आयुष्याची पुंजी उधळतो, तो मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार की लेव्हलच्या मागे धावू नकोस? मुलाने ती धाव मोबाइलवर शिकलेली नसते. ती त्याने घरातच पाहिलेली असते. सूरह अत-तकासुर लहानांना पाठ करायला आपण देतो. तिचा रोख मात्र मोठ्यांवर अधिक आहे.

वर चढण्याची ओढ असलेल्या मुलाला आपण कोणती पायरी दाखवतो, हा खरा प्रश्न आहे. हदीसमध्ये येते की, कुरआनच्या साथीदाराला परलोकात पठण करीत वर चढत जाण्यास सांगितले जाईल आणि जी आयत तो शेवटची म्हणेल तेथे त्याचा दर्जा असेल. त्या चढणीवर शत्रू वाढवून ठेवलेला नाही, नशिबाची पेटी नाही आणि खाते बंद करणारी कोणतीही कंपनी नाही. आज इशाच्या नमाजनंतर मुलाला जवळ घ्या, त्याच्याबरोबर एक आयत नव्याने पाठ करा आणि तिचा अर्थ त्याच्या भाषेत, मराठीत, त्याला समजावून सांगा. त्याची एक पायरी वाढेल, तुमचीही.

अल्लाह आपल्याला आणि आपल्या लेकरांना टिकणाऱ्या वाढीची ओढ देवो. आमीन.