‘फायटिंग भारी शे’ : एका आस्वादविधानाची नैतिक चिकित्सा

जळगाव-धुळ्याकडचा प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘फायटिंग भारी शे’ असे म्हणतो, तेव्हा तो एक मूल्यविधान करीत असतो. समीक्षकाने या विधानाकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. वेस्टर्न आणि युद्धपट या दोन प्रकारांतील अभिजात मानल्या गेलेल्या कृतींची थोरवी सांगताना पाश्चात्त्य समीक्षाही पुष्कळदा हेच म्हणत आली आहे. फक्त तेथे त्याला गती, संकलन, अवकाशरचना अशी भारदस्त नावे मिळतात. प्रश्न असा आहे की, पडद्यावरील झुंज चांगली की वाईट हे ठरवताना ती कोणाशी आणि कशासाठी चालली आहे, हा विचार बाजूला ठेवता येतो काय?

हा प्रश्न मला वर्गात भेटला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना माध्यमांतर शिकवताना अर्नेस्ट हेकॉक्सच्या कथेवर आधारलेला जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ (१९३९) दाखवला होता. उघड्या, सपाट भूमीवरून घोडागाडी धावते आहे, मागे अपाची घोडेस्वार, गाडीच्या टपावरून बंदूक चालवणारा नायक रिंगो. एक अपाची गाडीच्या पुढच्या घोड्यांवर झेप घेतो, गोळी लागून खाली पडतो आणि घोडे व गाडी त्याच्यावरून निघून जातात. वर्ग श्वास रोखून बसला होता. अखेर घोडदळाचा बिगूल वाजला आणि सर्वांनी टाळ्या दिल्या. चर्चेच्या वेळी सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या, घरी पावरी बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग त्या इंडियन लोकांचं पुढं काय झालं?” वर्ग हसला. मीही, कबूल करतो, प्रथम हसलोच. चित्रपटात त्या प्रश्नाला उत्तर नाही, एवढेच नव्हे, तर तो प्रश्न पडू नये अशीच त्या दृश्याची रचना आहे.

रूपवादी समीक्षक म्हणेल की, हा प्रश्न कलाबाह्य आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर त्या पाठलागात लय आहे; संवाद, विरोध, समतोल यांची संघटना आहे आणि सौंदर्यविधान तेवढ्यावरच उभे राहते. अपाचींनी गाडीच्या घोड्यांवरच गोळ्या का झाडल्या नाहीत, असे फोर्डला विचारले असता, ‘तर चित्रपट तेथेच संपला असता’ अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. रूपवादाचा इतका प्रामाणिक कबुलीजबाब क्वचितच मिळेल. परंतु रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवून दिले आहे. अलौकिकतावादी ध्रुवाकडे कितीही सरकले तरी लौकिकतावादी ध्रुवाची ओढ सुटत नाही. झुंजीच्या दृश्यात तर ती सुटूच शकत नाही. आपण गतीने थरारतो हे खरे. पण गाडीतल्या माणसांसाठी आपल्याला भीती वाटत नसती, तर ती गती निव्वळ धूळ ठरली असती. म्हणजे रूपाचा परिणाम नैतिक सहभागाच्या भांडवलावरच घडतो, आणि हिशेबाच्या वेळी मात्र त्या भांडवलाचे नाव घेतले जात नाही.

आपल्या रसव्यवस्थेकडे वळल्यास दोष नेमका कोठे आहे ते अधिक स्पष्ट होते. वीररसाचा स्थायी भाव उत्साह. त्याचा आलंबन विभाव म्हणजे ज्याला जिंकायचे तो प्रतिपक्षी. तो उत्साहाला तोलामोलाचा विषय असावा लागतो. रावणाला उणे केले तर रामाचा पराक्रमही उणा होतो. ‘स्टेजकोच’मधील अपाचींना मात्र आलंबनाचा दर्जा नाही. त्यांना धड क्रोधही दिलेला नाही, कारण क्रोधाला कारण लागते. ढग, वारा, रणवाद्ये यांच्याप्रमाणे ते केवळ उद्दीपन विभाव आहेत. माणसाला उद्दीपन करून टाकणे हा माझ्या मते वेस्टर्नचा मूळ अपराध आहे, आणि तो नैतिक असण्याबरोबर रसशास्त्रीयही आहे. भरताने युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगररोध हे अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित करावेत असे सांगितले, त्यामागे रंगमंचाच्या मर्यादा असतीलच. परंतु न दाखवलेल्या मरणाबद्दल कोणाला तरी बोलावे लागते, आणि बोलणाऱ्याला मेलेल्याचे नाव घ्यावे लागते, हेही विसरता येत नाही.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न भाबडा नव्हता याचे कारण खानदेशाच्या इतिहासात आहे. मुंबई-आग्रा रस्ता धुळे, शिरपूर ओलांडून सेंधव्याच्या घाटात चढतो. त्या घाटावर राखणीचे काम करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि त्याच घाटात सरकारी खजिना लुटला गेला. घाट, खजिन्याच्या गाड्या, पहारा, डोंगरातून उतरणारी माणसे : वेस्टर्नला लागणारे सर्व साहित्य येथे आहे. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे लढाई झाली. लढाई संपल्यावर पकडलेल्या कित्येक भिल्लांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या, बायकांना कैद करण्यात आले. खाज्या नाईक १८६० मध्ये दग्याने मारला गेला. त्याआधी, १८२५ मध्ये, जेम्स औट्रमने याच भिल्लांमधून ‘भिल्ल कोअर’ उभी केली होती. तिचे ठाणे धरणगावला होते. रानटी जमातीचा विश्वास संपादन करणारा तरुण गोरा अधिकारी ही कथा तर फोर्डच्या पिढीला आयतीच मिळाली असती. आता हा प्रसंग चित्रित करायचा ठरला तर कॅमेरा कोठे ठेवायचा? खजिन्याच्या गाडीत ठेवला, तर उत्तम ‘फायटिंग’ मिळेल. अंबापाण्याला लढाईनंतर ठेवला, तर तेथे गती नाहीच. उभी केलेली माणसे आहेत आणि त्यांच्यासमोर बंदुका आहेत.

स्टॅन्ली कुब्रिकने ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’त (१९५७) हेच केले. फ्रेंच सैन्याचा फसलेला हल्ला त्याने विलक्षण सामर्थ्याने चित्रित केला. त्या दृश्याचे कौतुक कोणीही करील. परंतु त्यानंतर चित्रपट थांबत नाही. तो लष्करी न्यायालयात जातो आणि निवडून काढलेल्या तीन सैनिकांच्या वधापर्यंत आपल्याला चालवत नेतो. हल्ल्याच्या वेळी वाटलेल्या थराराचे येथे आपल्याला देणे द्यावे लागते. युद्धपटाची झुंज ‘चांगली’ म्हणताना मी या अर्थाने म्हणेन.

लौकिकाचा आणखी एक पुरावा आहे, आणि तो घोड्यांचा आहे. मायकेल कर्टिझच्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९३६) या चित्रपटातील घोडदळाचा हल्ला अनेक वर्षे नमुनेदार मानला गेला. त्यात घोडे पाडण्यासाठी त्यांच्या पायांत तारा अडकवल्या जात आणि चित्रीकरणात कित्येक घोडे खरोखर मेले. त्या घोड्यांपुरता तो प्रसंग अनुकरण नव्हता. तापीकाठी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजारात उभा असलेला व्यापारी ते दृश्य पाहील, तर त्याची नजर तलवारीकडे जाणार नाही. घोड्याचा पुढचा पाय कसा मुडपला तिकडे जाईल. त्याचे हे पाहणे रसभंग मानायचे की अधिक पूर्ण आस्वाद मानायचा? मी दुसरा पर्याय स्वीकारतो.

‘शोले’ (१९७५) या बाबतीत बोधप्रद आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. सेन्सॉरच्या आग्रहाने तेथे पोलीस आणले गेले. लाथा त्याच, धूळ तीच, आणि एका पोलिसाच्या प्रवेशाने सूडाचा न्याय झाला. झुंजीचे मूल्य तिच्या हालचालीत नसते हे सेन्सॉरला कळले होते, एवढे श्रेय त्यास द्यावे. निर्णय चुकीचा होता हा भाग वेगळा. याच रस्त्यावर, धुळ्याच्या अलीकडे मालेगाव आहे. तेथे नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. आगगाडीऐवजी बस, घोड्यांऐवजी सायकली. ते विडंबन आहेच. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सायकलीवरून पडणारा दरोडेखोर हा गल्लीतला माणूस आहे. त्याचे नाव, त्याच्या घरचे, तो कुठे कामाला जातो हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, म्हणून त्याला उद्दीपन करता येत नाही. तो पडला की प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी त्याला लागले तर नाही ना, हेही पाहतो.

‘स्टेजकोच’मध्ये बिगूल वाजण्याच्या क्षणभर आधी हॅटफील्ड आपली शेवटची गोळी अपाचींसाठी नव्हे, तर गाडीतल्या बाळंतिणीसाठी राखून ठेवतो आणि पिस्तूल तिच्या डोक्याजवळ नेतो. ती प्रार्थना करते आहे. त्याला गोळी लागते, म्हणून ती वाचते. या दृश्याकडे माझे लक्ष तिसऱ्यांदा चित्रपट पाहताना गेले. अपाचींची भीती किती खोल रुजवली गेली आहे आणि स्त्रीच्या अब्रूचा हिशेब कोण करतो आहे, हे सर्व त्या एका पिस्तुलात आहे, आणि पहिल्या दोन वेळी पाठलागाच्या वेगाने ते माझ्या डोळ्यांवरून पुसून नेले होते. तिसऱ्या वेळी मी ते पाहिले. लगोलग बिगूल वाजला, आणि मला हायसे वाटलेच.