‘गेल्यावर बघू’ पुरे झालं!

फोन उलटा ठेव आणि बस समोर. फ्लोरिडातल्या टेन थाउजंड आयलंड्समध्ये कॅनू घालणार, तीन रात्री बेटांवर काढणार, असं गावभर सांगत सुटलायस. मग सांग, पहिल्या दिवशी ओहोटी किती वाजता लागते? ठाऊक नाही. प्यायचं पाणी किती नेणार? ‘बघू.’ मुक्काम कुठे? ‘आवडेल त्या बेटावर.’ महिनाभर काय केलंस? तंबूंचे व्हिडिओ बघितलेस आणि टोपी विकत घेतलीस. खरेदी केली म्हणजे तयारी झाली, हे कोणाला पटवतोयस? मला की स्वतःला?

आवडेल ते बेट म्हणे! हे एव्हरग्लेड्सचं राष्ट्रीय उद्यान आहे. कुठली रात्र कुठे काढणार, ते परवान्यावर आधी लिहावं लागतं. टायगर की, पिकनिक की, रॅबिट की अशी वाळूची बेटं मोजकी. बाकी सगळी खारफुटी. पाय टेकायला कोरडी जमीन नाही, तिथे तंबू कुठे ठोकशील? आतल्या भागात ‘चिकी’ असतात. चिकी म्हणजे पाण्यात खांबांवर उभा केलेला, 10 बाय 12 फुटांचा लाकडी मचाण. त्यात खुंटी ठोकता येत नाही. तुझा तंबू खुंट्यांशिवाय उभा राहतो का? घरात एकदा तरी लावून बघितलास?

पाण्याचं तर बोलूच नकोस. बेटांवर गोडं पाणी नाही. माणशी रोज सुमारे 4 लिटर धर. दोघं, चार दिवस. कर गुणाकार. 32 लिटर, म्हणजे 32 किलो. ते कॅनूत कुठे ठेवणार? आणि पातळ प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नकोस, रॅकून रात्री त्या कुरतडतात. तहान लागल्यावर विहीर खणणारा निदान गोड्या पाण्याच्या आशेवर असतो. तुला तिथे खारंच लागेल.

‘फ्लोरिडा गरमच असतं.’ हे कोणी सांगितलं? हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारं उतरलं की लाटा उठतात आणि ओल्या कपड्यांत माणूस काकडतो. वारं पडलं की डास आणि चिलटं. हवामानाचा अंदाज बघायला पैसे पडतात का? आणि नेटवर्कच्या भरवशावर निघू नकोस. एकसारख्या दिसणाऱ्या खारफुटीत वाट चुकायला दहा मिनिटं पुरतात. समुद्री नकाशा आणि होकायंत्र वापरता येतं ना तुला? मग ते घरी कपाटात का पडलंय?

पण खरा राग आहे तो भरती-ओहोटीचा. अरे, तू कोकणातल्या खाडीकाठी वाढलास! पाणी ओसरलं की होडी चिखलात रुतते, हे तुला शाळकरी वयात कळत होतं. चोकोलोस्कीचा उपसागरही तसाच उथळ. ओहोटीला चिखल उघडा पडतो, कालवांच्या धारदार कडा वर येतात. समुद्राकडे जाताना ओहोटी धरायची, परतताना भरती. उलट्या ओढीशी वल्हं मारत बसलास तर घाम गाळूनही जागच्या जागी राहशील. आणि समुद्राच्या तोंडाशी भरती येते त्याच वेळी ती आत पोचत नाही, हेही तुला शिकवायचं? न कळणाऱ्याला मी समजावलं असतं. कळूनही कानाडोळा करणाऱ्याला काय म्हणू?

वेळ मिळाला नाही, असं म्हणूच नकोस. ऑफिसातला वर्षाचा आराखडा तू एका रात्रीत मांडतोस. इथे आळस नडतोय, आणि त्या आळसाला तू ‘साहस’ म्हणतोयस. तुझ्या पुढे कॅनूत बसणारी बायको तुझ्या भरवशावर येतेय. तिला सांगितलंस का, की नवऱ्याने पाण्याचा हिशेबच केलेला नाही?

आज रात्री बस. भरतीचा तक्ता, नकाशा, मुक्कामाच्या जागा, रोजचं अंतर, पाणी, सगळं एका कागदावर लिही. त्याची एक प्रत घरी राहणाऱ्या माणसाकडे दे आणि परतायची वेळ सांग. कागद उद्या मला दाखव. कोरा आणलास तर सहल रद्द कर आणि तसं बायकोला स्वतःच्या तोंडाने सांग.