इख्तिलाफ आणि मुखालफत

आम्ही धाराशिव जिल्ह्यातले उर्दू माध्यमाचे शिक्षक. घरात दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी बोलतो. तीन भाषांत वावरणाऱ्याने तरी शब्द तोलून वापरावा. पण गेल्या वर्षी आमचीच चूक झाली.

सावलीवरून वेळ कशी ओळखत, हे वर्गात सांगत होतो. मध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली तिच्या दुप्पट झाली की असरची वेळ सुरू होते, असे आम्ही म्हणालो. मूळची कोकणातली एक मुलगी उठली. "सर, आमच्या घरी एकपट झाली की असर होते." वर्ग हसला. आम्ही म्हणालो, "बेटी, उस्ताद की मुखालफत नहीं करते." ती खाली बसली आणि पुढे बरेच दिवस बोलली नाही.

मुलीचे बरोबर होते. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, मराठवाड्यातले बहुतेक हनफी. एवढेच नव्हे, तर इमाम अबू हनीफांचे शागीर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद यांनीही याच मुद्द्यावर उस्तादांपेक्षा वेगळे, एकपटीचेच मत दिले. तरी ते हनफीच राहिले. उस्तादांची मते पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचली ती याच शागिर्दांमुळे.

म्हणजे मुलीने केला तो इख्तिलाफ होता. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, खे-लाम-फे. मागून येणारा तो 'खलिफा', हा शब्दही त्याच घरातला. रात्र आणि दिवस एकामागून एक येतात त्याला, तसेच माणसांच्या भाषा आणि रंग वेगळे असतात त्याला कुरआनात इख्तिलाफच म्हटले आहे. दिवस काही रात्रीचा वैरी नसतो. मुखालफत म्हणजे विरोधात उभे राहणे. आपल्या मोहल्ल्यात मात्र कुणी बैठकीत हिशेब विचारला, की 'ये हमारे खिलाफ है' असे ठरते आणि सलाम बंद होतो.

मग मुखालफत वाईटच का? नाही. सातवीनंतर मुलीची शाळा बंद करू म्हणणाऱ्या बापाशी आमचा नुसता मतभेद नाही. तिथे विरोधच केला पाहिजे. कुणाचा हक्क जात असताना 'इख्तिलाफ आहे' म्हणून गप्प बसणे ही पळवाट होय.

पुढे एके दिवशी आम्ही मैदानात काठी रोवून दोन्ही वेळा मुलांना दाखवल्या आणि चूक आमची होती, हे सर्वांसमोर सांगितले. मुलगी काही बोलली नाही. पण चार दिवसांनी तिने पुन्हा हात वर केला.